सीटची दांडी आणि फोरमनचा कोहळा

डूख धरायची माझी सवय लहानपणापासूनची. आई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, आमची ही पोरगी भांडत नाही हो, थांबते आणि मग जिरवते. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. ज्यानं आपल्याला खाली बघायला लावलं त्याला एकदा तरी खाली बघायला लावायचं, एवढा साधा हिशेब होता माझा. चेन्नईत एका माणसाची मी अशीच जिरवली. कारण झालं सायकलची सीट.

नवरा बँकेत. दोन हजार सालानंतर त्याची बदली तिकडं झाली आणि आम्ही अंबत्तूरला भाड्यानं राहायला लागलो. मी इचलकरंजीची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, आणि लग्नानंतर सात वर्षं त्या डिप्लोम्याला पोळपाटाखाली ठेवून बसलेली. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत इन्स्पेक्टरची जागा निघाली. आठ लेथ, दोन ग्राइंडिंग मशीन, पत्र्याची शेड. बुश, पिना असले गाडीचे बारके भाग बनायचे, माल श्रीपेरुंबुदूरकडच्या कार कारखान्यांच्या पुरवठादारांना जायचा. त्यांनी मालकाला बजावलं होतं की माल तपासायला वेगळा माणूस ठेवा. मालकानं मला घेतलं, पण सहा महिने बघून मग ठरवू म्हणाले. म्हणजे मे ते ऑक्टोबर. ही नोकरी टिकवायचीच, असं मी देवासमोर नव्हे, आरशासमोर म्हटलं होतं.

काम मला आवडायचं. मायक्रोमीटर लावायचा, माप घ्यायचं, चूक असेल तर त्या पेटीवर लाल लेबल लावून सही करायची. लेबल लागलं की पेटी जागची हलत नाही, मालक जरी आला तरी. दिवस संपला की सगळी मापयंत्रं कोरड्या कपड्यानं पुसायची, मग गंजरोधक तेलाच्या फडक्यानं त्यांच्यावरून अलगद हात फिरवायचा आणि डबीत झोपवायची. चेन्नईच्या दमट खारट हवेत उघड्या लोखंडावर बोटाचा ठसा राहिला तर सकाळी तिथं तांबूस डाग. मला त्या तेलाचं वेडच लागलं होतं. चकचकीत लोखंड कोरडं दिसलं की माझा जीव वरखाली व्हायचा.

कंपनीत फोरमन होते. साठीच्या घरात आलेले, ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते. पहिल्या लेथपासून तिथंच. बाईमाणूस आपला माल अडवणार, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. महिनाभर माझ्याशी फक्त तमिळ, तेही भरभर, मला कळू नये असं. मग एक दिवस वॉचमननं सांगितलं की यांच्या घरी मराठी बोलतात, ते तंजावरकडचे. अहो, मला इतका आनंद झाला! चार भिंतींबाहेर मराठी ऐकून दोन महिने झाले होते. धावत गेले आणि म्हटलं, "काका, तुम्ही आपले मराठी?" त्यांनी मान हलवली, नीट हलवलीही नाही, आणि लेथकडे वळले. मी तिथंच उभी, हसू चेहऱ्यावर तसंच राहिलेलं. तेव्हाच पहिली ठिणगी पडली म्हणा.

माझी सायकल जुनी लेडीज, दुसऱ्याच्या हातची. जूनमध्ये तिची सीट बसायला लागली. सकाळी घरून निघताना ठणठणीत. संध्याकाळी कंपनीतून निघावं तर गेटपर्यंत दोन बोटं खाली, रेल्वे फाटकापर्यंत वीतभर खाली, आणि शेवटी गुडघे हनुवटीला लागताहेत आणि मी साडी सावरत बेडकासारखी पाय मारतेय. कंबर धरायची ती वेगळीच. उतरा, सीट ओढून वर घ्या, पाना काढा, बोल्ट आवळा, पुन्हा बसा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

आणि गेटवर हे महाशय उभे. शिफ्ट सुटताना फोरमननं गेटवर उभं राहायचं, अशी तिथली पद्धत. मी गतिरोधकावरून गेले की सीट गप्पकन खाली बसायची, आणि तिथंच, सगळ्या कामगारांसमोर, त्यांनी मला पहिलं मराठी वाक्य ऐकवलं.

"अम्मा, आज उंची उणी झाली की."

कामगारांना मराठी कळत नव्हतं, पण सीट बघून कळायचं ते कळलं. हसले सगळे. अरे, दोन महिने मी ज्या भाषेसाठी तडफडले, ती ह्यांनी बाहेर काढली ती मला चिडवायला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन कणीक अशी मळली की नवरा स्वयंपाकघरात आलाच नाही.

त्यानंतर रोज. "अम्मा, उद्यां पाट घेऊन यावें." "अम्मा, आणिक दोन दिवसांनीं भुईवरच बसाल." त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेलाचं, कानाला गोड. म्हणून तर जास्त झोंबायचं.

फाटकाजवळच्या सायकलवाल्याकडं गेले. त्यानं बोल्ट बदलला, पान्याला लोखंडी नळी लावून आवळला आणि म्हणाला, दांडी काढून ठेवून जा, संध्याकाळी बघतो. मी म्हटलं, काही नको. डिप्लोमावाली मी, मला तो काय सांगणार? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः सीटची दांडी बाहेर काढली आणि मायक्रोमीटर लावला. वरपासून खालपर्यंत माप एकसारखं. कुठं झिजलेली नाही, वाकडी नाही. ज्या नळीत ती बसते तीही तपासली. ठीक. माप घेतल्यावर दांडी पुसली, नियमाप्रमाणं तेलाचं फडकं फिरवलं, पुन्हा बसवली, बोल्ट आवळला.

आता विचार करा. दांडी ठीक, नळी ठीक, बोल्ट नवा. सकाळी सीट टिकते, संध्याकाळी बसते. मधल्या वेळात सायकल असते कंपनीच्या शेडमध्ये. म्हणजे दिवसा कोणीतरी बोल्ट सैल करतंय. आणि गेटवर रोज मजा बघायला उभं कोण असतं? नाव घ्यायची गरजच नव्हती. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्या माणसाला दुसरी कामं नाहीत का गं?" मी म्हटलं, "तू गप्प बस, तुला माणसं कळत नाहीत." तो रोज सकाळी माझी सीट वर करून, बोल्टवर सगळा भार टाकून आवळून द्यायचा. बिचारा बँकेत जायच्या गडबडीत जुन्या बनियननं हात पुसत असायचा. म्हणायचा, "तुझा राग चढतो आणि तुझी सीट उतरते, दोन्हींचा बोल्ट एकदमच आवळला पाहिजे."

मग मी उट्टं काढायला लागले. आधी एखादी बारीक खरवड, एखादा शतांशाचा फरक असला की मी फोरमनना तोंडी सांगायची, ते पेटी परत घ्यायचे, विषय संपायचा. आता तोंडी काही नाही. लाल लेबल. सही. पेटी मधोमध ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. खोटं मी एकदाही लेबल लावलं नाही, हे देवाशपथ सांगते. सूड घ्यायचा तर मापात घ्यायचा. पण खऱ्या चुकाही मी भिंग घेऊन शोधत होते, आणि फक्त त्यांच्याच. म्हातारा कपाळाला हात लावून पेटीसमोर उभा राहायचा. मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. खरंच लागायचं, खोटं कशाला बोलू?

पण संध्याकाळी सीट खालीच. हिशेब काही मिटेना.

ऑक्टोबर आला. तिकडं नवमीला आयुधपूजा. आपल्याकडंही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण तिथला थाट वेगळा. मशीनं धुऊन पुसून त्यांना चंदन-कुंकू, झेंडूच्या माळा, केळीचे कोंब. पाने, हातोड्या, मापयंत्रं सगळी देवापुढं मांडायची. कामगारांच्या सायकली, मोटारसायकली ओळीनं लावून त्यांचीही पूजा. आणि एकदा हत्यार पूजेत बसलं की विजयादशमीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. लावायचाच नाही. पूजेच्या शेवटी कोहळा. त्याला भोक पाडून आत कुंकू भरतात, वर कापूर पेटवतात, सगळ्या मशीनांवरून ओवाळतात आणि गेटबाहेर रस्त्यावर फोडतात, की सगळ्यांची दृष्ट त्यात गेली. आमच्या कंपनीत तो कोहळा पहिल्या वर्षापासून फोरमन फोडत आले होते. मालकाचा मुलगासुद्धा नाही. फोरमनच. महिनाभर आधीपासून ते सांगत होते की यंदाचा शेवटचा, यंदा घरून नातवंडांना घेऊन येणार.

हे माझ्या कानावर आलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पूजेच्या दोन दिवस आधी मी मालकाच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, कोणीतरी रोज माझ्या सायकलचा बोल्ट सैल करतं. परवा मी ट्रकखाली जाणार होते. मला माहीत आहे कोण ते." नाव मी घेतलं नाही. फक्त गेटवर रोज काय चालतं ते सांगितलं. ट्रक तसा लांब होता, पण तो मी थोडा जवळ आणला. मालकानं फोरमनना बोलावलं आणि माझ्यासमोर तमिळमध्ये विचारलं. तेवढं तमिळ मला आता कळत होतं. मॅडमच्या सायकलला तुम्ही हात लावता का?

फोरमननं माझ्याकडं पाहिलं. मग मालकाकडं. आणि काहीच बोलले नाहीत. ना हो म्हणाले, ना नाही. मान खाली घातली.

मी मनात म्हटलं, सापडला!

पूजेच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. सायकल धुतली, सीटची दांडी काढून आरशासारखी चकाकवली, तेलाचं फडकं फिरवलं, बसवली, बोल्ट जीव खाऊन आवळला. आणि त्याच्यावर मी आणखी एक काम केलं. तपासलेल्या बोल्टवर आम्ही पिवळ्या रंगाची रेघ मारतो, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या भागावर. बोल्ट केसभर फिरला तर रेघ तुटते. तशी रेघ मारली. म्हटलं, आज पुरावाच पकडते. मग पाना पूजेत ठेवला आणि सायकल ओळीत लावली.

फोरमन आले ते पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे तिकडच्या लुंगीवजा धोतरात, दोन नातवंडांना हाताशी धरून. नातीच्या केसात मोगरा. आरती झाली, कापूर पेटला. मालकानं कोहळा उचलला आणि स्टोअरकीपरच्या हातात दिला.

सगळ्यांना कळलं. स्टोअरकीपरनं फोरमनकडं पाहिलं, फोरमननं मान हलवली, की घे. नातीनं आजोबांचा हात ओढला आणि काहीतरी विचारलं. ते खाली वाकले आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाले. बाहेर कोहळा फुटला, लाल कुंकू रस्त्यावर सांडलं. मी चुरमुरे आणि डाळं खात उभी होते. कसं वाटलं ते विचाराल तर मस्त वाटलं. आता कोणाची उंची उणी झाली, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

प्रसाद घेऊन मी सायकल काढली. पूजा सुरू झाल्यापासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती. कोणी तिच्या जवळ गेलं नव्हतं. आणि त्या दिवशी त्या शेडमध्ये पान्याला हात लावणारा माणूस शोधून सापडला नसता. झेंडूची माळ हँडलला तशीच. गतिरोधक पार केला, सीट टिकली. म्हटलं, बघा!

रेल्वे फाटकाच्या चढाला सीट खाली बसली. गप्पकन नाही, लोण्यात सुरी जावी तशी सावकाश, वीतभर.

मी उतरले. वाकून पाहिलं. पिवळी रेघ अखंड. बोल्ट केसभरही फिरला नव्हता.

फाटक पडलं, गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. सायकल हातात धरून चालत घरी आले. आयुधपूजेची सुट्टी, नवरा घरीच होता. त्यानं सवयीनं सीट ओढून वर घेतली, खिडकीतलं बनियन घेतलं आणि दांडी पुसायला लागला. खसाखसा.

"हे काय करतोस?" मी विचारलं.

"तेल पुसतोय. रोज पुसतो की. तुमच्या त्या कंपनीतलं तेल, सगळं माझ्या पँटला लागतं."

मी पायरीवर बसले. सकाळी सीट का टिकायची आणि संध्याकाळी का बसायची, ते बनियनकडं बघून कळलं. रोज जेवणाच्या सुट्टीत मापयंत्रांचं तेलाचं फडकं हातात घेऊनच मी शेडमध्ये यायची. बोल्ट सैल करून सायकलची सीट वर ओढायची, दांडीचं चकचकीत लोखंड उघडं दिसायचं, की हात आपोआप त्याच्यावरून फिरायचा. गंज लागू नये म्हणून! मग बोल्ट आवळायची. ज्या दांडीनं नुसत्या घर्षणावर माझा भार पेलायचा, तिला मी रोज प्रेमानं तेल पाजत होते. आणि हे अडाण्याला नाही सुचणार. हे फक्त इन्स्पेक्टरलाच सुचतं.

घरी दुसरा पाना होता, पण तोही आमच्या देवापुढं हळदकुंकू लावून बसलेला. उचलता येईना. दसऱ्याच्या सकाळी तो उचलला, दांडी काढली, रॉकेलनं धुतली, नळीच्या आतूनही रॉकेलचा बोळा फिरवला, दांडीवर पॉलिश पेपर घासून ती जराशी खरबरीत केली आणि कोरडी ठणठणीत बसवली. नवऱ्याला सीटवर बसवलं, उड्या मारायला लावल्या. हलली नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

मालकाला सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायची, केबिनच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. सहा महिने संपायला पंधरा दिवस होते. मी नाही सांगितलं. इतरांना खाली बघायला लावणारी मी, मला स्वतःला बघवेना. लाल लेबलं मात्र थांबली. तोंडी सांगायला लागले. फोरमन "बरं" म्हणायचे आणि पेटी न्यायचे. गेटवर उभे राहायचे, पण आता गप्प. मी सरळ बसून सीट उंच ठेवून त्यांच्यासमोरून जायची आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषण झालं. सगळे गेल्यावर ते शेडमध्ये स्वतःची सायकल काढत होते, तिथं मी त्यांना गाठलं.

"काका, बोल्ट कोणी सैल करत नव्हतं. मीच दांडीला तेल लावत होते. माझं चुकलं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. लेथवरून शेड दिसते, अम्मा. रोज बघत होतों. फडकें फिरवितां, आवळतां, पडतां." ते थोडं हसले. "मला मजा वाटत होती. म्हणून नाहीं सांगितलें."

ऐकून माझा जुना राग एकदम भडकला. चार महिने! म्हातारा चार महिने बघत होता! मला जरा बरंही वाटलं, कारण राग आला की मला उभं राहता येतं. म्हटलं, "मग मालकानं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? तेव्हा तर तुमचा कोहळा जात होता. एका वाक्यात माझी जिरली असती!"

त्यांनी सायकलच्या कुलपाची किल्ली खिशात टाकली.

"जिरली असती. मालक हसले असते, मग सगळे हसले असते. तेल कुठें लावावें हें इन्स्पेक्टरला कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तुमचें लाल लेबल कोण मानता? नोकरी राहती काय?" त्यांनी सायकल स्टँडवरून काढली. "माझा माल तुम्ही अडविलात, तो खराबच होता. माप बरोबर घेतां तुम्ही."

मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन मालकाला सांगते. पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावतील. कोहळा तुम्हीच फोडाल."

"पुढच्या वर्षीं मी इथला नाहीं. पाहुण्यानें फोडूं नये." मग म्हणाले, "नात विचारित होती, आजोबा, तुम्ही कां नाहीं? मी सांगितलें, माझा हात दुखतो."

त्यांनी सायकल वळवली. जाता जाता माझ्या सायकलपाशी थांबले, सीटवर तळहात ठेवला आणि सगळा भार टाकून दाबली. सीट हलली नाही. मी वाट बघत होते. आता काहीतरी बोलतील. पाट आणा म्हणतील, बेडूक म्हणतील, काहीही. मनातून विनवत होते की काका, एक टोमणा मारा, एकच, म्हणजे आपलं फिटलं.

ते "बरं" म्हणाले आणि गेले.

चार दिवसांनी मालकानं मला कायम केल्याचं पत्र दिलं. पत्र हातात घेऊनच मी त्यांना सीटचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. गेटकडं बघत बसले आणि शेवटी म्हणाले, आता सांगून काय उपयोग, मॅडम. पुढच्या आयुधपूजेला फोरमनना निरोप गेला, ते आले नाहीत. कोहळा स्टोअरकीपरनंच फोडला. मी चुरमुरे घेतले नाहीत.